कमी आलं तर चांगलं

टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट छापताना कॉम्प्युटरला पेशंटचा आजार माहीत नसतो. पुरुषाची नॉर्मल रेंज त्यात भरून ठेवलेली असते, साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. आकडा त्याखाली गेला की शेजारी ठळक ‘एल’ उमटतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोनचे उपचार घेणाऱ्या माणसाचा आकडा १४ येतो, ११ येतो, कधी ‘१० पेक्षा कमी’ एवढंच येतं. मग घरचं कुणीतरी तो कागद घेऊन काउंटरवर येतं. “मॅडम, वडिलांचं फारच कमी आलंय. वाढवायला काय द्यायचं?”

मी सांगलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हा प्रश्न विचारणाऱ्याचा मला कधीच राग येत नाही. हिमोग्लोबिन कमी आलं की बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे; व्हिटॅमिन डी कमी आलं की आठवड्याला एक पुडी दुधातून. कमी आहे म्हणजे भरून काढायचं, हे आता घरोघरी पक्कं झालेलं आहे. एक मुलगा तर शिलाजीतचा डबा विकत घेऊनच आला होता. टेस्टोस्टेरॉन वाढतं असं डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. त्याच्या वडिलांना जे महागडं इंजेक्शन सुरू होतं, ते हाच हार्मोन बंद पाडायला होतं. हे त्या पोराला कुणी बसवून सांगितलेलंच नव्हतं. ओपीडीत शंभर माणसं बाहेर ताटकळत असतात, डॉक्टरही कुठं कुठं पुरे पडणार? पण इतक्या मोठ्या गोष्टीचा अर्थ घरापर्यंत पोचत नाही, हे मला फार लागतं. आमच्या सरांशी बोलून अशा रिपोर्टखाली आता एक ओळ मराठीतून छापतो: प्रोस्टेटच्या आजारासाठी हार्मोनचे उपचार चालू असल्यास हा आकडा कमी येणे अपेक्षित आहे.

माझे वडीलही याच उपचारांवर आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. प्राथमिक शाळेत मास्तर होते, आता रिटायर आहेत. त्यांना विचारूनच लिहिते आहे. “लिही, चार लोकांना उपयोग होईल,” म्हणाले.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती असलेली ग्रंथी. ती वाढते, जगते ती पुरुषी हार्मोनवर. त्यातला कॅन्सरही बहुतेक वेळा त्याच हार्मोनवर पोसला जातो. हे पहिल्यांदा ठामपणे दाखवलं शिकागो विद्यापीठातले सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी. आधी त्यांनी कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर काम केलं. मग १९४१ मध्ये त्यांनी आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटचे अंडकोष काढले, काहींना स्त्री-हार्मोन दिलं, आणि आजार मागे हटतो हे नोंदवलं. उलट पुरुषी हार्मोन टोचलं की आजाराची खूण पुन्हा वर चढे. त्या वेळी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन मोजून आजारावर लक्ष ठेवायची आजची तपासणी, नव्हती. ॲसिड फॉस्फेटेज नावाचं एक एन्झाइम ते रक्तात मोजत होते. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन नेमकं मोजायचं साधनही तेव्हा नव्हतं. म्हणजे ज्या पदार्थावर सगळा खेळ होता, तो न मोजता या माणसानं त्याचा परिणाम सिद्ध केला. नोबेल मिळायला १९६६ उजाडलं.

मोजमाप आलं ते रोझालिन यालो या बाईंमुळे. लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक मुलीला त्यांचं नाव ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात, झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत त्यांनी आपली पहिली प्रयोगशाळा थाटली. डॉक्टर सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर त्यांनी रक्तातलं कणभर हार्मोन मोजायची रेडिओइम्युनोॲसे ही पद्धत काढली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. आधी इन्सुलिन, मग एकेक करत बाकीचे हार्मोन. १९७७ चं वैद्यकाचं नोबेल अर्धं यालोंना मिळालं. उरलेलं अर्धं वाटून गेलं रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली या दोघांकडे. मेंदूतून निघून खालच्या ग्रंथींना हुकूम देणारे हार्मोन त्या दोघांनी शोधले होते, शॅलींनी डुकरांच्या मेंदूतून आणि गिलेमिन यांनी मेंढ्यांच्या. आज प्रोस्टेटसाठी देतात ती ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन ही इंजेक्शनं याच शोधाची पोरं. हार्मोन थांबवायचं औषध आणि ते थांबलं का हे बघायची तपासणी, दोन्हींची मुळं एकाच वर्षाच्या एकाच पारितोषिकात सापडतात. मला ही गोष्ट कळली त्या दिवशी लॅबमधल्या सगळ्यांना सांगत सुटले होते.

या मोजण्याचा एक परिणाम मात्र अजून आपल्या मागे आहे. उपचार लागू पडला असं कधी म्हणायचं? तर टेस्टोस्टेरॉन ५० च्या खाली गेलं की, असं बरीच वर्षं ठरलेलं आहे. हा ५० आला कुठून? जुन्या पद्धतींना त्याच्या खालचं नीट दिसत नव्हतं, म्हणून. अंडकोष काढलेल्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन आजच्या चांगल्या पद्धतीनं मोजलं तर साधारण १५ च्या आसपास निघतं. म्हणून आता पुष्कळ तज्ज्ञ २० ची रेषा धरतात. कॅनडाचे लॉरेन्स क्लॉट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एका मोठ्या अभ्यासातले आकडे पुन्हा तपासले. पहिल्या वर्षात ज्यांचं टेस्टोस्टेरॉन २० किंवा त्याखाली उतरलं होतं, त्यांचा आजार उपचारांना दाद देत राहिला तो जास्त काळ. म्हणजे ४५ आणि १५ हे दोन्ही आकडे ‘कमी’ असले, दोन्हींपुढे तोच एल असला, तरी ते सारखे नाहीत.

आणि इतक्या खाली आमच्या नेहमीच्या मशीनचाही हात थोडा हलतो. म्हणून १२ चे १७ झाले तर घाबरू नये. शक्यतो एकाच लॅबमध्ये, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान सॅम्पल द्यावं. रिपोर्टचं युनिट वाचावं. काही ठिकाणी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, तिथं आपले १४ म्हणजे ०.१४ असतात, आणि परदेशात शिकणारी नातवंडं जे एकक सांगतात, नॅनोमोल प्रति लिटर, त्यात ५० चे १.७ होतात. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं. ते घेत असाल तर आधी सांगा. काही मशीनवर त्यामुळं पीएसए खोटी कमी आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसू शकतं. दोन्ही आकडे एकदम चुकीच्या बाजूला, यासारखी वाईट गोष्ट नाही.

अण्णांचं निदान झालं तेव्हा आजार हाडांत गेलेला होता. लघवीला रात्री सारखं उठायला लागायचं, ते वयानं होतं असं धरून चाललेलं. कंबर दुखायला लागली तेव्हा तपासण्या झाल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन रस्ते ठेवले. एक, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. दुसरा, दोन्ही अंडकोष काढायचं छोटं ऑपरेशन. इंजेक्शननं सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलटं उसळतं, कारण औषध आधी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला डिवचतं आणि मग ती थकून गप्प होते. खाली यायला तीन-चार आठवडे जातात. मणक्यात आजार असेल तर ती उसळी महागात पडू शकते, म्हणून आधीपासून पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. डेगॅरेलिक्स हे दुसऱ्या जातीचं इंजेक्शन, ते न उसळू देता तीन दिवसांत खाली आणतं. ऑपरेशन केलं तर काही तासांतच आकडा कोसळतो, आणि पुन्हा पुन्हा खर्च नाही.

परदेशात ऑपरेशन निवडणारे आता थोडेच. आपल्याकडे मात्र ते अजून होतं, आणि त्याचं मुख्य कारण पैसा आहे. अण्णांनी ऑपरेशन निवडलं. “दर तीन महिन्यांनी तुमच्यापुढं हात पसरायचा का मी?” एवढंच बोलले. मी आणि भाऊ म्हणालो, आम्ही भरू. त्यांनी ऐकलं नाही. गावात हायड्रोसिलचं ऑपरेशन झालं असं सांगितलं. हे खोटं सांगायला आम्ही सगळ्यांनी मिळून मान डोलावली होती. त्या भागाचं नाव तोंडातून निघत नाही आपल्याकडे. कॅन्सर सांगवतो एकवेळ, पण हे सांगवत नाही.

महिन्याभरानं सॅम्पल काढलं. पिवळ्या झाकणाची ट्यूब, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, मशीनवर लावली. मी स्वतःच लावली. आकडा आला १४. पीएसए शंभराच्या वरून घसरत चारच्या खाली आली होती. मला इतका आनंद झाला की तिथूनच घरी फोन केला. बाईच्या रक्तातही टेस्टोस्टेरॉन असतं, साधारण १५ ते ७० च्या दरम्यान. म्हणजे अण्णांचा आकडा आता आईच्याही खाली असणार. हे तेव्हा मनात आलं आणि तिथंच राहिलं. पुढं काय होणार आहे याचं उत्तर खरं तर तिथंच होतं.

डिसेंबरातल्या थंडीत अण्णा रात्री दोन-तीन वेळा गोधडी भिरकावून उठायला लागले. छातीपासून वर, मानेकडं, कानापर्यंत लाल व्हायचे. बनियन पिळून काढावं इतकं भिजायचं, आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरायची. भावाला वाटलं बीपी असेल. अण्णांना वाटलं ताप अंगात मुरलाय. आईनं एकदा दिवा लावून त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, “अहो, हे मला माहितीय. माझी पाळी जाताना असंच व्हायचं. चार-पाच वर्षं काढली मी.”

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. मग विचारलं, “तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलले होते. तुम्ही पंखा लाव म्हणालात.”

आईनं निदान बरोबर केलं होतं. पुरुषाच्या शरीरात थोडं टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये बदलत असतं, आणि ते इस्ट्रोजेन पुरुषालाही लागतं, हाडांना आणि मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या यंत्रणेला. टेस्टोस्टेरॉन गेलं की तेही जातं. म्हणून हे वाफारे, आणि म्हणूनच हाडं ठिसूळ होण्याचा धोका. त्या हिवाळ्यात आईनं अण्णांचा सगळा ताबा घेतला. झोपताना सुती सदरा, उशाशी तांब्या आणि कोरडा टॉवेल, संध्याकाळचा चहा बंद, तिखट कमी. बनियन बदलायला तीच उठायची. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात या दोघांना शरीराबद्दल इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. वाफारे फारच झाले तर गोळ्याही असतात, पण त्या आपणहून मागाव्या लागतात, आणि मागण्यासाठी आधी सांगावं लागतं.

वाफारे दिसतात तरी. बाकीचं हळूहळू आत शिरतं. हिमोग्लोबिन तेरावरून अकराच्या आत आलं. रक्तस्राव नाही, लोह पुरेसं. टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी बनवायला मदत करतं, ते नसलं की असं होतं. दंड सैल पडले, पोट सुटलं, साखर काठावर आली. घागर उचलणारा माणूस बादली अर्धी भरायला लागला. आणि रडू. माझे आजोबा गेले तेव्हा अण्णांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं मी. आता जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला की गळा दाटून यायचा, बोलता यायचं नाही, फोन आईकडं द्यायचे. नातेवाईक आपापसांत म्हणायचे, मास्तर खचले. खचले नव्हते हो. त्यांच्या रक्तातून एक गोष्ट काढून घेतली होती जी चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून त्यांच्यात होती. ती नसताना माणसाला जे होतं ते त्यांना होत होतं. मी हे आकडा दाखवून, कागदावर काढून त्यांना समजावलं तेव्हा त्यांनी मास्तरकीच्या सवयीनं दोनदा उलटतपासणी घेतली. मग म्हणाले, “म्हणजे हे मी नाही. बरं झालं सांगितलंस.”

नवरा-बायकोच्या नात्यातलं जे जातं त्याबद्दल मी लेक म्हणून अण्णांशी बोलू शकले नाही. ते डॉक्टरांनीच बोलायला हवं, उपचार सुरू व्हायच्या आधी, दोघांना समोर बसवून. वय पंचाहत्तर आहे म्हणून तो विषयच नाही असं गृहीत धरणं अन्यायाचं आहे. पंचावन्नच्या पेशंटचा तर विचारच करवत नाही.

लोकांच्या मनात एक गैरसमज खोल बसलेला आहे, की ज्याचं टेस्टोस्टेरॉन जास्त, त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर होतो. म्हणजे तो फार ‘पुरुषी’ असणार, त्याचीच काही करणी असणार. २००८ मध्ये जगातल्या १८ अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले, कॅन्सर झालेले ३,८८६ पुरुष आणि न झालेले ६,४३८. रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनचा आणि हा कॅन्सर होण्याचा संबंध सापडला नाही. अमेरिकेतले डॉक्टर अब्राहम मॉर्गेंटेलर याची उकल अशी करतात: प्रोस्टेटच्या पेशींना लागणारं हार्मोन थोडंच असतं, ते मिळालं की त्या भिजलेल्या जमिनीसारख्या होतात, वरचं पाणी वाहून जातं. म्हणून ४०० आणि ८०० मध्ये फरक पडत नाही, पण ५० च्या खाली नेलं की फरक पडतो. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांना सर्वांत जास्त दिलासा वाटला. एवढे दिवस ते मनात काय धरून बसले होते, त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घरोघरी पीएसए पाठ असते. वहीत तारखेसह लिहिलेली असते. टेस्टोस्टेरॉन कुणी लिहीत नाही, बऱ्याचदा तपासलेलंही नसतं. एका आजोबांची पीएसए चढायला लागली, तेव्हा घरात रडारड झाली की औषध लागू पडेना. डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन करायला पाठवलं, आलं १८० च्या वर. इंजेक्शन दोन महिने लांबलं होतं. कारखान्याचं बिल आलं की घेऊ, असं म्हणत राहिले होते. त्यांचा आजार उपचारांना जुमानत नव्हता असं नव्हतं, उपचारच पोचला नव्हता. इंजेक्शन घेतलं, दोन्ही आकडे उतरले. पीएसए चढली तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, टेस्टोस्टेरॉन किती आहे? ते ५० च्या खाली असून पीएसए चढत असेल तरच पुढच्या औषधांचं बोलणं सुरू होतं.

अण्णांचं यंदा तसं झालं. टेस्टोस्टेरॉन ११, तरी पीएसए तीन रिपोर्टांत चढती. अंडकोष नसले तरी मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी थोडं पुरुषी हार्मोन बनवत असतात, आणि कॅन्सरच्या पेशी स्वतःसुद्धा ते बनवायला शिकतात. थेंबभर मिळालं तरी त्यावर तग धरतात. ते बनवणारं एन्झाइमच अडवणारी ॲबिरॅटेरॉन नावाची गोळी अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झाली. सुरुवातीला आपल्याकडच्या साध्या माणसाला ती परवडण्याचा प्रश्नच नव्हता. आता भारतीय कंपन्यांची मिळते, किंमत खूप उतरली आहे. हगिन्स यांच्याच शिकागो विद्यापीठातल्या रसेल स्मुलेविट्झ यांनी २०१८ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ही गोळी जेवणाबरोबर कितीतरी जास्त शोषली जाते, म्हणून चौथा हिस्सा डोस कमी चरबीच्या नाश्त्याबरोबर दिला, आणि पीएसएवर परिणाम पूर्ण डोसाइतकाच दिसला. भारतात काही डॉक्टर पैसे वाचवण्यासाठी असं देतात. पण हे घरी ठरवायचं काम नाही. पूर्ण डोस चालू असताना पोह्यांबरोबर घेतला तर रक्तात भलतंच जाईल. अण्णांना पूर्ण डोस आहे, त्यामुळं उपाशीपोटी, पहाटे पाचला, नंतर तासभर काही नाही. सोबत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी नाश्त्यानंतर. बीपी आणि पोटॅशियमवर माझं लक्ष असतं.

गेल्या खेपेला ओपीडीत त्यांच्या शेजारी कवठे महांकाळकडचे एक गृहस्थ बसले होते. पहिलंच इंजेक्शन झालेलं, सोबत मुलगा. मुलगा फाईल घेऊन आत गेला तसे ते अण्णांना हळू आवाजात म्हणाले, “रात्री अंगातनं वाफ निघतीय हो. कुणाला सांगावं कळंना.” अण्णा त्यांच्याकडं पुरते वळून बसले. मला वाटलं हायड्रोसिलची गोष्ट पुन्हा निघेल. तर म्हणाले, “माझे दोन्ही अंडकोष काढलेत, मलाही होतं ते. हार्मोन बंद केल्यानं होतं, आजार वाढल्यानं नाही. डॉक्टरला आजच सांगा. आणि घरी मंडळींना सांगा, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहितीय.” मग खिशातली छोटी वही काढून त्यांना आपले दोन्ही आकडे दाखवायला लागले, पीएसए डाव्या रकान्यात, टेस्टोस्टेरॉन उजव्या.